डिस्कचा पसंती क्रमांक

एका मशीनच्या दोन मशिनी करायला श्रद्धाला बरोबर अकरा मिनिटं लागली. त्या दोघी वेगवेगळ्या आहेत हे जगाला पटवायला मात्र गुरुवारची अख्खी दुपार, शुक्रवारची निम्मी दुपार आणि बाबांच्या डोक्यावरचे उरलेसुरले केस लागले.

भोसरी एमआयडीसीला गुरुवारी सुट्टी. प्रेसचा धडधडाट बंद असतो, आणि त्या दिवशी तिथल्या कावळ्यांनासुद्धा स्वतःचा आवाज ऐकू येतो. म्हणून तर नववीतली मुलगी शाळा सुटल्यावर, गणवेशातच, दप्तरासकट वडिलांच्या कंपनीत येऊन बसू शकली. आदल्या महिन्यात श्रद्धा आंतरशालेय कॉम्प्युटर स्पर्धेत पहिली आली होती. तेव्हापासून तिची चालच बदलली होती. आधी ती वर्गात हात वर करायला घाबरायची, आता सर फळ्याकडे वळायच्या आत करायची. आई म्हणायची, "हिला बक्षीस नको होतं द्यायला. ढाल आणली घरात आणि लढाई सुरू झाली."

बाबा, म्हणजे समाधानराव, मूळचे लातूरकडचे. दादासाहेबांच्या कंपनीत बारा वर्षं स्टोअरकीपर. मग एकदा ऐन बिलाच्या दिवशी प्रिंटर अडला, बाबांनी त्याला कडेने दोन थपडा मारल्या आणि तो चालू झाला. त्याच संध्याकाळी ते कंपनीचे 'कॉम्प्युटरवाले' झाले. काचेची केबिन, एसी, गोल फिरणारी खुर्ची. त्या खुर्चीत बसून बाबा फोनवर "बघतो, सर्व्हर चेक करतो" असं म्हणायचे, तेव्हा श्रद्धाला वाटायचं की आपले वडील विमान चालवतात.

आणि नेमकी ती खुर्चीच धोक्यात आली होती.

चाकणच्या ज्या मोठ्या कंपनीला दादासाहेब ब्रॅकेट पुरवायचे, तिचं ऑडिट शुक्रवारी होतं. त्यांचा चाळीस प्रश्नांचा फॉर्म आला होता. त्यातला अठरावा प्रश्न असा : 'ड्रॉइंग ठेवलेली मशीन बंद पडल्यास दुसरी तयार मशीन आहे काय? असल्यास दोन्ही मशिनींच्या डिस्कचे ओळख क्रमांक जोडावेत. क्रमांक सारखे आढळल्यास मशीन एकच समजली जाईल.' या शेवटच्या वाक्यामागे इतिहास होता म्हणे. एका पुरवठादाराने आग विझवायचा एकच लाल सिलिंडर ऑडिटरच्या पुढे पुढे पळवत तिन्ही मजल्यांवर दाखवला होता. तेव्हापासून चाकणवाले प्रत्येक वस्तूचा नंबर मागतात.

दादासाहेबांनी फॉर्म वाचला आणि निकाल दिला, "समाधान, ऑडिटला दुसरी मशीन दिसली न्हाई, तर ही केबिन बंद. तू आपला परत स्टोअरला. नट-बोल्ट काय कुटं पळून चालले न्हाईत."

बाबा त्या रात्री जेवले नाहीत. श्रद्धा म्हणाली, "बाबा, टेन्शन काय घेताय? क्लोन करू. मी करते."

तर क्लोन. ड्रॉइंगची मशीन ही तशी मशीनच नव्हती; एका खऱ्या कॉम्प्युटरच्या पोटात राहणारा खोटा कॉम्प्युटर होता. खोट्याची एक सोय असते. खऱ्याला पैसे पडतात, खोट्याची नक्कल बटण दाबून होते. श्रद्धाने बटण दाबलं. अकरा मिनिटांत पहिलीच्या शेजारी दुसरी मशीन उभी राहिली, तेच नाव, तीच ड्रॉइंग, तेच सगळं. बाबांनी स्क्रीनचा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला : 'आज नवीन सर्व्हर कार्यान्वित. टीमवर्क.' टीममध्ये कोण कोण, ते लिहिलं नाही. श्रद्धाने मोठ्या मनाने माफ केलं.

मग तिने अठराव्या प्रश्नासाठी दोन्ही डिस्कचे नंबर छापले. कागद बघितला. चष्मा पुसून परत बघितला.

नंबर एकच होता.

"बाबा," ती म्हणाली, "नंबर पण क्लोन झालाय."

डिस्क तयार होते तेव्हा कॉम्प्युटर तिला बत्तीस आकडी-अक्षरी नंबर देतो. जगात तसा दुसरा नसतो. पण नक्कल म्हणजे नक्कल. तिने तीळसुद्धा सोडला नव्हता.

"म्हणजे एकच सिलिंडर तिन्ही मजल्यावर," बाबा म्हणाले आणि फिरत्या खुर्चीत एक पूर्ण चक्कर घेऊन परत समोर आले. चेहरा तोच होता, रंग बदलला होता.

तेवढ्यात शेजारच्या सुमनताईंचा फोन. ग्रुपवरचा फोटो बघून अभिनंदनाला केला होता, पण बाबांच्या तोंडून अडचण निसटली. "अहो, आमच्या जुळ्या नातवांचं हेच झालं," सुमनताई म्हणाल्या. "एकालाच दोनदा डोस पाजला पोलिओचा! मग मी एकाच्या पायात काळा दोरा बांधला. तुम्ही पण बांधा. नवीन वस्तूला दृष्ट पण लागत नाही." जी मशीन हाताला लागत नाही तिच्या पायात दोरा कुठे बांधायचा, हे विचारायच्या आत त्यांची शिट्टी झाली आणि त्या कुकरकडे गेल्या.

"बाबा, घाबरू नका. नंबर बदलता येतो," श्रद्धा म्हणाली. "डिस्क आधी उतरवायची, म्हणजे मशीनला म्हणायचं की ही जरा सोड, आणि मग एक कमांड. नवा नंबर कॉम्प्युटरच ठरवतो."

"कॉम्प्युटर का ठरवंल?" दारातून आवाज आला.

दादासाहेब. पांढराशुभ्र झब्बा, गुरुवारचा उपास, त्यामुळे डोळ्यांत थोडी भूक आणि आवाजात जास्त जरब. "आपल्याला मनानं न्हाई का देता येत?"

आता इथे खरं बोलायची काहीही गरज नव्हती. पण पहिला नंबर काढलेल्या मुलीला उत्तर येत असताना गप्प बसता येत नाही, हा एक आजारच आहे.

"देता येतो की," श्रद्धा म्हणाली.

दादासाहेबांचा जन्म बारा डिसेंबरचा. त्यांच्या दोन जीप, एक ट्रॅक्टर, सुनेची स्कूटर आणि नातवाची बुलेट, सगळ्यांचा नंबर बारा-बारा. एकेका नंबरासाठी आरटीओत त्यांनी महिनोन्‌महिने वाट बघितली होती. नातवाची बुलेट तर तीन महिने बिननंबराची गोठ्यात उभी होती, पण दुसरा नंबर घेतला नव्हता.

"हितं किती आकडी?"

"बत्तीस."

"बत्तीस!" दादासाहेब खुर्चीत बसलेच. "आन् रांग?"

"नाही."

"अर्ज?"

"नाही."

"फुकाट?"

"हो."

दादासाहेबांच्या चेहऱ्यावर जे तेज पसरलं ते उपासाचं नव्हतं. "मंग टाक. बारा-बारा, बारा-बारा, संपंस्तवर बारा-बारा."

"पण दादा, नंबर कॉम्प्युटरने ठरवला तर..."

"पोरी, समदं नशिबावर सोडायचं तर मंग मालक कशाला?"

श्रद्धाने बाबांकडे पाहिलं. बाबांनी छताकडे पाहिलं. छताने कोणाकडेच पाहिलं नाही. तेवढ्यात दादासाहेबांनी बाबांना साबुदाण्याची खिचडी आणायला कोपऱ्यावर पिटाळलं, आणि श्रद्धाने नव्या मशीनच्या डिस्कला आठ वेळा बारा-बारा असा नंबर दिला. मशीनच्या आत एक नोंदवही असते, कोणत्या नंबरची डिस्क कुठे लावायची ते लिहिलेली. त्या वहीत तिने जुना नंबर खोडून नवा लिहिला. मशीन सुरळीत सुरू झाली. ती उड्या मारतच आईने दिलेला डबा खायला बाहेर कट्ट्यावर गेली.

अर्धा तास. भाकरी, पिठलं आणि मैत्रिणीला केलेला एक फोन, एवढाच अर्धा तास. परत आली तर केबिनमध्ये सुतक.

जुन्या मशीनचा स्क्रीन काळा होता. त्यावर एक ओळ होती आणि एक आकडा सरकत होता : डिस्कची वाट बघत आहे, एक मिनिट तीस सेकंद. एकोणतीस. अठ्ठावीस.

"बाबा, काय केलंत?"

"मी काय उगं केलं नाही," बाबा कपाळावरचा घाम एसीखाली पुसत म्हणाले. "दादा म्हणले..."

"म्हनलं म्या," दादासाहेब खिचडीचा चमचा हवेत धरून म्हणाले. "ही थोरली. थोरलीला नंबर न्हाई आन् धाकटीला हाय, बरं दिसतं का घरात? समाधानला म्हनलं, हिला बी दे. तुझीच कमांड वापरली त्यानं, वरचा बाण दाबून परत आनली."

श्रद्धाने डबा टेबलावर आदळला.

"तोच नंबर? सगळा?"

"सगळा," बाबा म्हणाले. मग जरा थांबून, "बॅकअपच्या हार्डडिस्कला पण दिला. ती एकटीच राहिली होती."

म्हणजे मघाशी दोन डिस्क सारख्या होत्या, आता तीन. आणि जिच्यात सहा वर्षांची ड्रॉइंग होती ती मशीन बसस्टॉपवरच्या म्हातारीसारखी, कधीच न येणाऱ्या बसची वाट बघत बसली होती. नव्वद सेकंद संपले. स्क्रीनवर उमटलं की मशीन आता आणीबाणीच्या स्थितीत गेली आहे.

"आनीबानी?" दादासाहेब उठून उभे राहिले. "कुनी लावली?"

आतापर्यंत श्रद्धाला हे सगळं स्पर्धेसारखं वाटत होतं. स्पर्धेत चुकलं तर दुसरा नंबर येतो. इथे चुकलं तर उद्या बाबा स्टोअरमध्ये, खिडकीच्या जाळीमागे, खाली मान घालून वॉशर मोजत बसणार होते, आणि त्याला कारण ती.

बाबांनी सर्व्हर बसवून देणाऱ्या निरंजनला तळवड्याला फोन लावला. निरंजन अतिशय सभ्य मुलगा. "सर, तिकीट टाका ना, म्हणजे तक्रारीची नोंद," तो म्हणाला.

"तुम्ही नुसतं सांगा हो, काय करावं."

"तिकिटाशिवाय मला बोलता येत नाही सर. कंपनीच्या मेलवरून टाका."

"मेल त्याच मशीनवर आहे!"

"मग मशीन चालू करून टाका ना सर."

"मशीन चालू असती तर तिकीट कशाला टाकलं असतं?"

"बरोबर आहे सर तुमचं," निरंजन म्हणाला, आणि आपल्याला का बोलता येत नाही यावर बारा मिनिटं बोलला.

बाबांनी फोन ठेवला. दादासाहेबांची खिचडी संपली होती, त्यामुळे विचार सुरू झाला होता. त्यांनी काळ्या स्क्रीनकडे निरखून पाहिलं. "पोरी, ही वाट कुनाची बघती?"

"जुन्या नंबरच्या डिस्कची."

"पर जुना नंबर तर आमी बदलला."

"हो."

"मंग फेरफार केला का?"

"म्हणजे?"

"अगं, जमिनीचा गट नंबर बदलला, म्हनून गप घरी बसून चालतं व्हय? तलाठ्याच्या वहीत नोंद लागती. नोंद न्हाई, तर वही जुनंच नाव सांगत ऱ्हाती. आमच्या चुलत्यानं चाळीस वर्सं काढली त्यात, वावर हाय पर कागदावर न्हाई."

श्रद्धा ओरडलीच. "वही! बाबा, तुम्ही वहीत नोंद केली नाही! तुम्ही खिचडी आणायला गेला होतात तेव्हा मी ती केली होती!"

कॉम्प्युटरचा 'क'सुद्धा ठाऊक नसलेल्या माणसाने, उपासाच्या दिवशी, तलाठी कार्यालयाच्या पुण्याईवर नेमका रोग सांगितला होता. तिला हसावं की रडावं कळेना. तिने आणीबाणीतच नोंदवही उघडली, जुना नंबर काढून नवा लिहिला. मशीन सुरू झाली. ड्रॉइंग जागच्या जागी. बाबांनी स्क्रीनला नमस्कार केला.

पण तिन्ही डिस्क अजून बारा-बाराच होत्या. आता खरी लढाई होती.

"दादा," श्रद्धा शक्य तितक्या गोड आवाजात म्हणाली, "तुमच्या दोन्ही जीपचा नंबर बारा-बारा. मग एका जीपने सिग्नल तोडला, तर दंड दोघींना येतो का?"

"येडी का काय? पुढची अक्षरं येगळी असत्यात की."

"मग आपण पण तसंच करू. पुढचे अठ्ठावीस कॉम्प्युटरला ठरवू दे. शेवटचे चार बारा-बारा."

दादासाहेबांनी बराच वेळ मिशी चोळली. बत्तीसवरून चारवर येणं सोपं नसतं. "बरं," ते शेवटी म्हणाले, "पर शेवट ठळक दिसला पाहिजे."

नव्या मशीनचं आणि हार्डडिस्कचं काम पाच मिनिटांत झालं. थोरली मात्र डिस्क सोडेना. डिस्क वापरात आहे, म्हणे. सुट्टीच्या दिवशी कोण वापरतंय? शोध घेतला, तर फाटकावरचा वॉचमन भिवा, आपल्या केबिनमधल्या कॉम्प्युटरवर कुस्त्या बघत होता. गावच्या आखाड्याच्या तीन वर्षांच्या कुस्त्या, ड्रॉइंगच्या डिस्कवर, 'ब्रॅकेट फायनल दोन' नावाच्या फोल्डरमध्ये. "दादा, निकाली कुस्ती चालू हाय, धा मिंट," भिवाने फोनवर विनंती केली. आणि दादासाहेब, ज्यांची कंपनी पणाला लागली होती, त्यांनी विचारलं, "कुनाची?" आणि तेही तिकडेच जाऊन बसले. कंपनीचं भवितव्य कुस्ती संपेपर्यंत चटईवर चीत पडून राहिलं.

संध्याकाळी साडेपाचला तीन डिस्क, तीन नंबर, तीन नोंदी, सगळं जागेवर. घरी जाताना बाबांनी तिला बजावलं, "उद्या कंपनीकडं फिरकायचं नाही." श्रद्धा म्हणाली, "छे, मी कशाला येऊ?"

शुक्रवारी अडीच वाजता ती केबिनच्या दारात उभी होती. कारण बाबांचा चष्मा घरी राहिला होता. तो दप्तरात कसा गेला, यावर नंतर घरात चौकशी झाली, पण निष्पन्न काही झालं नाही.

आत चाकणच्या ऑडिटर मोनिका मॅडम. हातात फॉर्म, कपाळाला आठी. "नंबर वेगळे आहेत," त्या म्हणत होत्या, "पण दोन्हींच्या शेवटी १२१२ कसं? कॉम्प्युटर असे नंबर देत नाही. हा कागद हाताने बनवलाय का?"

दादासाहेब पुढे झाले, मॅडमना खिडकीशी नेलं आणि खाली उभ्या जीप, स्कूटर, बुलेट दाखवल्या. "हौस हाय ओ मॅडम. दुसरं काय न्हाई."

मॅडमनी पाटीमागून पाटी वाचली. आठी थोडी सैल झाली. "बरं, म्हणजे खरंच बदलून घेतलेत. कोणी बदलले?"

बाबांनी तोंड उघडलं. पण त्याआधी दारातून, खणखणीत, पहिल्या बाकावरचा आवाज आला :

"मी!"

मॅडम वळल्या. समोर दोन वेण्या, निळा पिनाफोर, खांद्यावर दप्तर. त्यांनी फॉर्मची पानं उलटली. एकतिसाव्या प्रश्नावर बोट ठेवलं आणि मोठ्याने वाचला : "'कारखान्यात अठरा वर्षांखालील व्यक्तीस कामास लावले जाते काय?'"

श्रद्धाला वाटलं, जमीन फाटावी आणि त्यात आपण दप्तरासकट जावं. एका शब्दात तिने अठरावा प्रश्न जिंकून एकतिसावा गमावला होता. दादासाहेब म्हणाले, "ही... पाव्हनी हाय." पाहुणीच्या हातात बाबांचा चष्मा होता.

"पाहुणी असेल तर बाहेर बसेल," मॅडम म्हणाल्या. "मशीन सांभाळतं कोण?"

"मी," बाबा म्हणाले. आवाज कालच्या स्क्रीनसारखा, आत कुठेतरी वाट बघणारा.

"मग माझ्यासमोर तिसरी मशीन करून दाखवा. नंबर बदलून, चालू करून. येत नसेल तर तसं सांगा, मी तसं लिहीन."

श्रद्धा चष्मा बाबांच्या हातात देऊन काचेबाहेर गेली. दार लागलं. बाबांनी चष्मा चढवला. अकरा मिनिटं क्लोनची. तेवढ्यात तिने आठ नखं कुरतडली. मग बाबांनी डिस्क उतरवली, हळू, एका बोटाने, स्टोअरमध्ये काचेचा माल उतरवावा तशी. कमांड लिहिली. नंबराची जागा आली.

दादासाहेब वाकले. काचेतून शब्द अर्धवट ऐकू आले, पण ओठ स्पष्ट होते : "समाधान, शेवटी बारा..."

आणि बाबांनी, ज्यांनी चौदा वर्षांत दादासाहेबांना 'व्हय' सोडून दुसरं उत्तर दिलं नव्हतं, त्यांनी की-बोर्डवरून हात न उचलता म्हटलं, "दादा, थांबा. मधी बोलू नका. नंबर कॉम्प्युटर देईल."

मोनिका मॅडमचं पेन थांबलं. फाटकावरचा भिवा निरोप घेऊन आला होता, तो जिन्यातच थांबला. दादासाहेबांचं बोट हवेत होतं, ते त्यांनी काही वेळ तिथेच ठेवलं, मग खाली घेतलं, दार उघडून बाहेर आले आणि श्रद्धाच्या शेजारी काचेला नाक लावून उभे राहिले.

आत बाबांनी नंबर तपासला, कागदावर उतरवला. सुरू करायच्या बटणाकडे बोट गेलं. बोट मागे फिरलं. बाबांनी नोंदवही उघडली, जुना नंबर काढला, नवा एकेक अक्षर जुळवून लिहिला, परत पहिल्यापासून वाचला, आणि मग बटण दाबलं. मशीन कुणाचीही वाट न बघता सुरू झाली. पहिलं ड्रॉइंग उघडलं, मॅडमनी त्यावरून नजर फिरवली आणि अठराव्या प्रश्नापुढे बरोबरची खूण केली. एकतिसाव्यापुढे काही क्षण पेन रेंगाळलं, मग तिथे 'नाही' लिहिलं गेलं.

दादासाहेबांनी काचेवरचं नाक काढलं. त्यांचा आवाज प्रथमच बारीक झाला होता.

"पोरी, तुझा बाप कधीधरनं असा बोलाया लागला गं?"

श्रद्धाने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"तीन वाजून दहा मिनिटांपासून, दादा."